मास्तरांच्या पायाखालचा ब्रेक

मास्तरांच्या गाडीला दोन ब्रेक होते. एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि दुसरा शेजारच्या सीटवर, मास्तरांच्या पायाशी. पहिल्याचं रबर इतक्या वर्षांनंतरही नव्यासारखं करकरीत होतं. दुसऱ्याचं मात्र झिजून झिजून पार गुळगुळीत झालं होतं. गावातल्या एकूण ड्रायव्हिंगची सगळी हकिकत या दोन रबरांत लिहिलेली होती, पण खाली वाकून ती वाचायला कुणाला सवड नव्हती.

मास्तरांची शिकवण्याची एक पद्धत होती. ते कधीही ‘ब्रेक!’ म्हणून ओरडत नसत. ओरडलं की माणूस दचकतो आणि दचकलेला माणूस पायाला लागेल ते दाबतो, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे समोरून ट्रक येवो, सायकल आडवी जावो, की एखादं कुत्रं रस्त्याच्या मधोमध आळस देत उभं राहो, मास्तर आपल्या गप्पांत खंड पडू न देता नुसता पाय दाबत. गाडी अलगद उभी राही. मग ते शिकणाऱ्याकडे वळून म्हणत, “शाब्बास! अगदी वेळेवर थांबवलीस.”

शिकणारा फुगायचा. त्याला खरंच वाटायचं, की आपणच थांबवली. असे फुगलेले कितीतरी लोक मास्तरांनी वर्षानुवर्षं रस्त्यावर सोडले होते. गावात कुणालाही विचारा, तो छाती पुढे काढून सांगणार, “आम्ही मास्तरांच्या हाताखाली शिकलोय!” हाताखाली कसलं, पायाखाली. पण ते असो. क्लासच्या गाडीला कधी साधा ओरखडा आला नाही, हा मास्तरांचा अभिमान होता आणि तो खराही होता.

या पायाचा त्रास व्हायचा तो घरच्यांना. मास्तर बसमध्ये बसले, की समोरच्या सीटच्या पायाला लाथ. न्हाव्याच्या खुर्चीत बसले, की वस्तरा गालाजवळ येताच खुर्चीच्या पट्टीवर धप्प. रात्री झोपेत तर विचारूच नका.

“अहो, पलंगाला ब्रेक नाहीये!” मास्तरीणबाई अंधारात ओरडायच्या. “जागेपणी या माणसानं मला कशाला म्हणून अडवलं नाही. आणि झोपला की सारखा थांबवतोय मेला!”

शेवटी त्यांनी दोघांच्या मध्ये एक लोड ठेवला. त्या लोडाचा कापूस एका बाजूनं कायम बसलेला असे.

मास्तरांना एकच मुलगी. ती क्लासचं ऑफिस सांभाळायची आणि बायकांची बॅच घ्यायची. ऑफिस म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर रस्त्याच्या खुणांचा तक्ता आणि कोपऱ्यात कापून उघडा केलेला एक जुना गिअरबॉक्स. त्या गिअरबॉक्सकडे बघत बघत एक मुलगा तिच्या प्रेमात पडला. निदान तो बघायचा गिअरबॉक्सकडे, असा मास्तरांचा समज होता. मुलगा चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढायचा. डोक्यानं हुशार, पण गाडी काही केल्या येईना. चाचणीत नापास व्हायचा आणि पुन्हा फी भरून हजर. “अरे गाढवा, क्लच म्हणजे काय दाराची घंटा आहे का, दाबून पळायला?” असं मास्तर त्याला रोज बोलायचे. पुढे लेकीनंच सांगितलं, की तो मुद्दाम नापास होतोय. लग्न झालं आणि मास्तरांच्या तोंडचं गाढव कायमचं गिळलं गेलं. अरे-तुरेचं अहो-जाहो झालं. आता ते जावईबापू.

आणि या जावईबापूंनीच मास्तरांच्या लेकीचा जीव टांगणीला लावला होता.

“बाबा, तुम्ही त्यांना सांगा,” एक दिवस ती ऑफिसचं दार लोटून घेत म्हणाली.

“काय झालं? भांडलात?”

“भांडले असते तर बरं. दर रविवारी सकाळी ‘गाडी मोकळी करून येतो’ म्हणतात आणि जातात. मला वाटलं, धुऊन आणत असतील. काल कळलं, शर्यत लावतात! कागदाच्या बंद कारखान्याच्या रस्त्यावर. दुधाच्या गाड्या जातात तिथून, लोक फिरायला जातात. टाइल्सच्या दुकानाचा मालक नाही का, तो टर्बो? तो आहे, दातांचा डॉक्टर आहे, आणखी चारपाच जण आहेत.”

“हे सगळे माझेच विद्यार्थी,” मास्तर म्हणाले. त्यांच्या आवाजात काळजी होती, पण त्या काळजीच्या बगलेतून थोडा अभिमानही डोकावून गेला. लेकीनं तो बघितला.

“बाबा, मी गंभीरपणे बोलतेय. दर रविवारी ते परत येईपर्यंत मी खिडकीत उभी असते. आल्यावर विचारतात, चहा आहे का. मी तासभर रस्त्याकडे बघतेय आणि यांना चहा! तुमचं ते ऐकतील. थांबवा त्यांना.”

थांबवणं हे तर मास्तरांचं कामच. ते त्याच संध्याकाळी चष्म्याच्या दुकानात गेले.

जावयानं त्यांना मोठ्या आदरानं नंबर काढायच्या उंच खुर्चीत बसवलं आणि ते काही बोलायच्या आत नाकावर ती जड लोखंडी चौकट चढवली. त्या चौकटीत माणूस कितीही रागात आला असला, तरी हास्यास्पदच दिसतो.

“जावईबापू, मी जरा वेगळ्याच कामासाठी…”

“आलाच आहात तर बघून टाकू. आता स्पष्ट दिसतंय, की मघाशी दिसत होतं?”

“आता. ते रविवारचं जे काय चाललंय…”

“आणि आता?”

“मघाशी बरं होतं. तो रस्ता सार्वजनिक आहे, तिथं…”

“खालची ओळ वाचा बघू.”

मास्तरांना खालची ओळ वाचता येईना. वाचता न येणाऱ्या माणसाला उपदेश कसा करता येणार?  मग जावयानंच चौकट काढली आणि मऊ आवाजात म्हणाला, “बाबा, कुणीतरी उगाच काहीतरी कानावर घातलंय. शर्यत वगैरे काही नाही. आम्ही गाडी मोकळी करतो. एकदा येऊन बघा तरी. तुम्ही आलात तर सगळ्यांना आनंद होईल. दर वेळी तुमचं नाव निघतं तिथं.”

“माझं?”

“मग? सगळे म्हणतात, आपला ब्रेक म्हणजे मास्तरांचा ब्रेक.”

तर असे मास्तर रविवारी सकाळी शर्यत बंद पाडायला निघाले. निघताना मास्तरीणबाई म्हणाल्या, “कडक बोला. नाहीतर जाल आणि शाब्बास म्हणून याल.”

मास्तरांना बघताच ती सगळी मंडळी, पोटं सुटलेली, केस मागे सरकलेली, कर्ज काढून गाड्या घेतलेली, मुलांच्या शाळेच्या मीटिंगला वेळेवर जाणारी, शाळकरी पोरांसारखी उभी राहिली. टर्बोनं स्वतःच्या गाडीतून घडीची खुर्ची काढून मांडली. दातांच्या डॉक्टरनं थर्मासमधला चहा दिला. मास्तर कडक बोलणार होते, पण तोंडात चहा होता. तेवढ्यात समोर एक शर्यत झाली, आणि ती बघून मास्तरांचं डोकंच फिरलं. शर्यत लावतात म्हणून नव्हे. इतक्या गबाळेपणानं लावतात म्हणून.

“हे काय? सीटचा पट्टा कुठाय? ए डॉक्टर, आरसा कुठे वळवलायस, स्वतःचे दात बघतोस का त्यात? आणि हा टर्बो! पुढे जायच्या आधी सिग्नल कोण देणार, तुझा काका? निघायची खूण म्हणून नुसतं ‘हो’ म्हणून ओरडता? लाज नाही वाटत?”

“मग खूण कशी करायची, मास्तर?”

मास्तरांनी तिडिकीनं खिशातलं काच पुसायचं पिवळं फडकं काढलं आणि करून दाखवलं. फडकं खाली आलं आणि दोन गाड्या सुटल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मास्तर घरी परतले तेव्हा त्यांनी मंडळींना पुढच्या रविवारची वेळ ठरवून दिलेली होती.

“थांबवलंत?” लेकीनं दारातच विचारलं.

“तसं एकदम थांबवता येत नसतं, बाळ. मोठ्या गाडीला हळूहळू आवळावं लागतं. मी काही नियम घालून दिलेत. पट्टा लावल्याशिवाय निघायचं नाही. सिग्नल दिल्याशिवाय पुढे जायचं नाही. मी स्वतः जातीनं हजर असणार.”

“म्हणजे तुम्हीही त्यांच्यात गेलात.”

“मी त्यांच्यात नाही गेलो. ते माझ्या शिस्तीत आले.”

मास्तरीणबाईंनी कपाळाला हात लावला. “शाब्बास म्हणून आले,” त्या स्वयंपाकघरात जाता जाता म्हणाल्या.

पुढच्या काही आठवड्यांत मास्तरांचा रंगच पालटला. रविवारची सकाळची बॅच त्यांनी लेकीच्या गळ्यात घातली आणि आपण पिवळं फडकं धुऊन, इस्त्री करून शर्यतीला जाऊ लागले. खुर्चीच्या पाठीवर टर्बोनं ‘मास्तर’ अशी अक्षरं रंगवून आणली होती. त्यांच्या नियमांमुळे शर्यतीला एक वेगळंच रूप आलं होतं. माणसं सुसाट सुटायची, पण सुटण्याआधी मान वळवून आरसा बघायची. जीव मुठीत धरून एकमेकांना मागे टाकायची, पण टाकताना सिग्नल द्यायची. दातांचा डॉक्टर एकदा सिग्नल द्यायला विसरला म्हणून जिंकूनही बाद झाला, आणि मास्तरांच्या न्यायबुद्धीची गावभर वाहवा झाली.

खरी गंमत पुढेच होती. आधी या मंडळींच्या बायका कटकट करायच्या, आया रडायच्या. काही जण तर भाजी आणायच्या नावाखाली पिशवी घेऊन निघायचे. आता उजळ माथ्यानं निघू लागले. “मास्तर असतात ना तिथं!” म्हटलं, की घरात पुढचा प्रश्नच यायचा नाही. बघायला गर्दी होऊ लागली. लोक पोराबाळांना घेऊन रस्त्याच्या कडेला सतरंजी टाकून बसायचे. फिरायला जाणारी म्हातारी मंडळी सुरुवातीला चिडली, मग मुकाट्यानं दुसरीकडून फिरू लागली. मास्तरांना वाटायचं, आपण शर्यतीला ब्रेक लावला. आणि सगळ्यांना वाटायचं, ब्रेक मास्तरांच्या पायाखाली आहे, आपण दाबायचा कशाला?

हे फक्त मास्तरीणबाईंच्या लक्षात आलं. “अहो,” त्या एका रात्री लोडाच्या पलीकडून म्हणाल्या, “तुमच्या खुर्चीपुढे ब्रेक आहे का हो?”

“खुर्चीला कसला ब्रेक?”

“नाही, म्हटलं विचारावं.”

आणि मग टर्बो आणि जावई यांची एकमेकांशी शर्यत ठरली. दोघंही अजून हरले नव्हते. आदल्या संध्याकाळी लेक माहेरी आली ती तावातावानंच.

“ऐकत नाहीत. मी रडून बघितलं, अबोला धरून बघितला. म्हणतात, बाबा आहेत ना. ठीक आहे. आहात ना तुम्ही? मग उद्या त्यांच्या शेजारी बसा.”

“मी? अगं, फडकं कोण दाखवणार?”

“डॉक्टर दाखवेल. बाबा, माझा तुमच्या नियमांवर विश्वास नाही. तुमच्या पायावर आहे. लहानपणापासून तुमच्या शेजारी कुणीही बसलं, तरी मला कधी भीती वाटली नाही. बसाल ना?”

जावयाच्या गाडीत शेजारच्या सीटखाली ब्रेक नाही, फक्त पायपुसणं आहे, हे मास्तरांनी त्या क्षणी सांगायला हवं होतं. पण लेक अशी डोळ्यांत पाणी आणून पायाचं कौतुक करत असताना कुठला बाप म्हणेल, की हा पाय तिथं काही कामाचा नाही?

“बसतो,” मास्तर म्हणाले.

सकाळी जाऊन बघतात तर कारखान्याच्या रस्त्यावर पाइपलाइनसाठी हा लांबच लांब चर खणलेला. मंडळींचे चेहरे पडले. गर्दी गोळा झालेली, गाड्या गुरगुरताहेत, आणि रस्ताच नाही. जावयाच्या चेहऱ्याकडे बघून मास्तरांना वाटलं, बरं झालं, सुटलो. पण सगळ्यांचे डोळे त्यांच्याकडे लागले.

“मास्तर, आता तुम्हीच काहीतरी सुचवा.”

गावातला कुठला रस्ता कधी मोकळा असतो, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत? उत्तर तोंडावर आलं आणि तोंडावर आलेलं उत्तर गिळायची मास्तरांना सवय नव्हती.

“पाण्याच्या टाकीमागचा रस्ता घ्या. रविवारी सकाळी तिथं चिटपाखरू नसतं. माझ्या खात्रीचा आहे.”

खात्रीचा होताच. वर्षानुवर्षं दर रविवारी सकाळी मास्तर नव्या शिकणाऱ्यांना वळण घ्यायला तिथंच नेत आले होते, आणि त्यांनी तिथं कधी दुसरी गाडी बघितली नव्हती. रस्ता अगदी रिकामा असायचा. त्या रिकाम्या रस्त्यावर मधोमध एक गाडी न चुकता आडवी उभी असायची, हे त्यांच्या ध्यानात येणं शक्यच नव्हतं, कारण त्या गाडीत ते स्वतः बसलेले असायचे. माणसाला सगळ्यांच्या गाड्या दिसतात, स्वतःची तेवढी दिसत नाही. आणि आपली रविवारची बॅच आता लेक घेते, आणि तिला हा रस्ता आपणच दाखवलाय, हे मास्तरांना आठवलं असतं. पण लोक एवढे आशेनं बघत असताना मागचं आठवायला उसंत कुठे मिळते?

डॉक्टरनं फडकं खाली आणलं. दोन गाड्या सुटल्या.

मास्तरांनी उभ्या आयुष्यात असला वेग आतून बघितला नव्हता. झाडं झाडं राहिली नाहीत, हिरवी भिंत झाली. मास्तरांनी सवयीनं पट्टा तपासला, सवयीनं आरसा बघितला आणि सवयीनं म्हणाले, “छान. हात मोकळे ठेवा.” मग टाकीचं वळण आलं. वळणापलीकडे काय आहे, ते दोन्ही गाड्यांना दिसत नव्हतं. टर्बो बाहेरच्या अंगानं, म्हणजे समोरून येणाऱ्यांच्या रस्त्यानं पळत होता. येणारं कोणी नाहीच, मास्तरांनी सांगितलंय.

वळणापलीकडे क्लासची गाडी आडवी उभी होती.

छपरावर ‘शिकाऊ’ अशी पाटी. स्टिअरिंगवर हेडबाई. गावातल्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. अर्ध्या गावाला त्यांनी बाकावर उभं केलेलं होतं आणि म्हातारपणी स्वतः गाडी शिकायला आल्या होत्या. अर्धं वळण अगदी नियमानं घेतलं होतं त्यांनी. उरलेलं अर्धं घ्यायच्या आत इंजिन बंद पडलं होतं. आणि त्यांच्या शेजारी, मास्तरांच्या जागेवर, मास्तरांची लेक. तिनं मान वर केली.

मास्तरांचा पाय पायपुसण्यावर आदळला. धप्प! पुन्हा धप्प! त्यांना ‘ब्रेक’ म्हणायचं होतं. पण तो शब्द त्यांनी इतक्या वर्षांत कधी तोंडानं काढलाच नव्हता. तो त्यांच्या पायातच राहायचा. ओठ हलले आणि बाहेर आलं ते एकच, “शाब…”

मग पट्टे करकचून आवळले गेले. गाडी घसरली, रस्ता सोडून खाली गेली आणि टाकीच्या दुरुस्तीसाठी आणून टाकलेल्या रेतीच्या ढिगात नाक खुपसून थांबली. टर्बोची गाडी क्लासच्या गाडीच्या मागच्या अंगानं निसटली. जाताना दिवा, बंपर आणि छपरावरची पाटी घेऊन गेली आणि कुंपणात जाऊन अडकली.

सगळीकडे एकदम शांत झालं. त्या शांततेत हेडबाईंच्या गाडीचा सिग्नल टिक टिक करत होता. रस्त्यावरच्या सगळ्या गाड्यांत तेवढा एकच जण अजून नियम पाळत होता.

पहिल्यांदा उतरल्या हेडबाई. त्यांनी कुंपणाकडे बघितलं, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. “बाहेर ये. मला वाटलंच तू असणार. मागच्या बाकावरचा ना?” टर्बो बाहेर आला आणि नकळत हात मागे बांधून उभा राहिला.

लेक ढिगाकडे धावली. नवरा खांदा धरून कण्हत होता, पण बोलत होता. मग तिनं बापाकडे बघितलं. मास्तर शुद्धीवर होते. त्यांचा पाय मात्र भलत्याच दिशेला वळला होता.

“बाबा,” ती म्हणाली. आवाज अगदी बारीक. “इथं रविवारी कोणी नसतं, असं तुम्हीच सांगता ना सगळ्यांना?”

“नसतंच गं,” मास्तर म्हणाले. “आपणच असतो.”

दवाखान्यात दोघांना एकाच खोलीत ठेवलं. जावयाच्या खांद्याचं हाड मोडलं होतं आणि मास्तरांचा घोटा. हाडांचे डॉक्टर फोटो उजेडात धरून पुन्हा पुन्हा बघत होते. धडकेनं मोडलेले पाय त्यांनी पुष्कळ बघितले होते. पण नसलेला ब्रेक दाबून मोडलेला पाय त्यांनी पहिल्यांदाच बघितला.

दुपारी, सगळे गेल्यावर, जावई छताकडे बघत म्हणाला, “बाबा, एक सांगू? कुणाला बोलू नका. समोर ती दिसली ना, तेव्हा तुमचा पाय आपटल्याचा आवाज आला. धप्प. आणि मला एकदम सुटल्यासारखं वाटलं. म्हटलं, झालं, थांबली गाडी. माझा पाय उचलला गेला, बाबा. ब्रेक दाबायचा सोडून मी वाट बघत बसलो. तिच्याकडे बघत. डोळ्याची पापणी लवते ना, तेवढाच वेळ असेल. पण बसलो.”

मास्तरांनी मान भिंतीकडे वळवली. मधला लोड घरी राहिला होता, नाहीतर त्याच्यावर तोंड दाबून घेतलं असतं.

संध्याकाळी वाहतूक पोलिसांचे साहेब आले. तेही मास्तरांचेच विद्यार्थी. टोपी काखेत घेऊन खाटेशी बसले.

“मास्तर, सगळ्या गावात एकच बोलणं आहे. मास्तर शेजारी होते म्हणून जीव वाचले! ब्रेक नसताना ब्रेक मारला म्हणतात. क्लासवर रांग लागणार बघा आता.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “हे बघा, मी असं लिहितो. तुम्ही जावयाबरोबर फिरायला निघाला होतात. शिकाऊ बाईंची गाडी वळताना आडवी बंद पडली. झालं. तुमच्या नावाला धक्का नको.”

दाराशी लेक उभी होती.  नवऱ्याकडे तिनं बघितलं नाही. बापाच्या तोंडाकडे बघत राहिली. मास्तरांना आयुष्यभर जपलेलं नाव समोर दिसत होतं, एकही ओरखडा नसलेलं. फक्त गप्प बसायचं होतं. मोडला होता तो पाय, तोंड नव्हे. पण आजवर सगळं बोलणं पायानंच केलेलं.

“साहेब,” ते शेवटी म्हणाले, “तुम्ही माझ्याकडे शिकत होतात, तेव्हा भाजीबाजाराच्या तोंडाशी एक बाई टोपली घेऊन मधे आली होती. आठवतं?”

“न आठवायला काय झालं! अगदी टोपलीला टेकवून थांबवली होती मी गाडी. तुम्ही शाब्बास म्हणालात.”

“तुम्ही नव्हती थांबवली. मी थांबवली होती.”

साहेबांचा चेहरा बघवत नव्हता. एखाद्याला भर पंगतीतून उठवावं, तसा… तेही नको. एखाद्याकडे त्याच्या पहिल्या बक्षिसाचा कप परत मागावा, तसा तो झाला.

“तुमचीच नाही, सगळ्यांचीच मी थांबवली. म्हणून तुम्हाला सगळ्यांना वाटतं, की वेळ आली की गाडी थांबते. कुणीतरी थांबवतं. आता लिहा. ती शर्यत होती. पहिल्यापासून शर्यतच होती. नियम माझे, फडकं माझं, रस्ता मी सांगितला. हेडबाई आपल्या जागी बरोबर होत्या. माझी मुलगीही.”

“मास्तर, क्लासचा परवाना जाईल हो. जावईबापूंचं लायसन्स जाईल.”

“जाऊ द्या,” पलीकडच्या खाटेवरून जावई म्हणाला.

साहेबांनी बराच वेळ पेनाशी चाळा केला. मग लिहिलं. लिहून झाल्यावर निघताना दाराशी थांबून म्हणाले, “टोपलीपर्यंत तरी मीच आणली होती ना?”

“ती मात्र तुम्हीच,” मास्तर म्हणाले. “चांगल्याच वेगात.”

परवाना गेला. गावानं थोडे दिवस हळहळ केली आणि थोडे दिवस शिव्या घातल्या. शर्यतीच्या मंडळींपैकी काहींनी गाड्या विकल्या, काहींनी नुसतंच विकतो म्हणून सांगितलं. टर्बोनं क्लासच्या गाडीला बंपर आणि दिवा बसवून दिला आणि हेडबाईंच्या सांगण्यावरून पाटी स्वतः रंगवली. दोनदा, कारण पहिल्यांदा ओळ वाकडी गेली होती. खुर्ची मास्तरांच्या घरी येऊन पडली. मास्तरीणबाई तिच्यावर चादरी वाळत टाकू लागल्या.

काही महिन्यांनी क्लास पुन्हा सुरू झाला, लेकीच्या नावावर. मास्तरांना मागच्या सीटवर बसायची परवानगी मिळाली ती एका अटीवर: बोलायचं तोंडानं. पहिल्या दिवशी लेकीनं शेजारच्या ब्रेकला नवं करकरीत रबर लावलं. “हे लवकर झिजता कामा नये,” ती म्हणाली.

पहिला विद्यार्थी होता तिचा नवरा. लायसन्स गेलेलं, त्यामुळे पुन्हा पहिल्यापासून. छपरावर टर्बोची पाटी, स्टिअरिंगवर जावई, शेजारी लेक, मागे मास्तर, काठी मांडीवर आडवी घेऊन.

“पट्टा,” लेक म्हणाली. “आरसा. निघा. गाडी मोकळी नाही करायची, नुसती चालवायची.”

गाडी निघाली. बाजार ओलांडला, शाळा ओलांडली. मग समोर रस्त्याच्या मधोमध एक कुत्रं येऊन उभं राहिलं आणि तिथंच सावकाश आळस देऊ लागलं. लेकीनं बघितलं. तिचा पाय नव्या रबराच्या वर, हवेत. दाबला नाही तिनं. नवऱ्याकडे बघत राहिली, जशी इतके रविवार खिडकीतून रस्त्याकडे बघायची.

“जावईबापू,” मागून मास्तरांनी तोंड उघडलं.  “अरे गाढवा… ब्रेक!”

आणि त्याच वेळी, सवय ती सवय, त्यांचा नुकताच बरा झालेला पाय मागच्या सीटखालच्या पत्र्यावर आदळला. धप्प.

गाडी त्याआधीच थांबली होती. कुत्रं आळस पुरा करून चालतं झालं.

“बाबा, पाय,” लेक म्हणाली.

“मी काही नाही केलं,” मास्तर म्हणाले. बऱ्याच वर्षांनी ते खरं होतं.